हाडात रॉड-प्लेट असताना शेक आणि करंट: मशीन लावण्याआधी काय बघायचं

"ऑपरेशन? नाही हो, कंबरेचं कधीच नाही." वीसेक वर्षांपूर्वी एका काकूंनी मला हे उत्तर दिलं आणि मी त्यांना शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतक्षेत्राने खोलवर शेक देणारं मशीन, लावली. एक पॅड कंबरेखाली, दुसरा मांडीच्या वरच्या भागाला, कारण दुखणं खुब्यापर्यंत उतरत होतं. सहा-सात मिनिटांनी त्या म्हणाल्या, "आत काहीतरी चावल्यासारखं होतंय." मशीन बंद केलं, साडी जरा सारून बघितली, तर मांडीच्या बाहेरच्या अंगाला टाक्यांचा जुना, पांढरा पडलेला व्रण. "ते होय? ते मांडीचं. रॉड घातलाय. पण त्याला झाली की बारा वर्षं!"

त्वचेवर काही उठलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आतलं दुखणं उतरलं, आणि काकू माझ्यावर रागावल्याही नाहीत. पण चूक माझीच होती. मी कंबरेबद्दल विचारलं होतं. विचारायला हवं होतं डोक्यापासून पायापर्यंत.

पुण्यात दुचाकी किती आणि त्यापायी मांडीत, नडगीत, मनगटात धातू घेऊन फिरणारी माणसं किती, हे कुठल्याही फिजिओथेरपी क्लिनिकच्या बाकावर अर्धा तास बसलं की कळतं. त्यात गुडघे बदललेले आजी-आजोबा वेगळे. या सगळ्यांच्या बाबतीत दोन चुका होताना मी बघते. एक म्हणजे न विचारता डायथर्मी लावणं. दुसरी अगदी उलटी: "तुमच्यात लोखंड आहे, तुम्हाला कुठलंच मशीन चालणार नाही" असं सांगून, ज्याला साध्या टेन्सने (त्वचेवर पॅड लावून सौम्य करंटने दुखणं कमी करणाऱ्या मशीनने) आराम पडला असता त्याला गोळ्यांवर ढकलणं. दोन्हीचं मूळ एकच आहे. ‘मशीन’ हा एकच शब्द आपण पाच-सहा अगदी वेगळ्या उपकरणांसाठी वापरतो. पेशंट म्हणतो "करंट लावला", आणि तो टेन्स असू शकतो, आयएफटी, गॅल्व्हॅनिक किंवा डायथर्मीसुद्धा. धातूच्या दृष्टीने यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी शोधा: आत नक्की काय आहे, कुठे आहे

सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे एक्सरे. डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनचं नाव संक्षेपात असतं आणि ते घरच्यांना वाचता येत नाही. एक्सरेमध्ये धातू पांढराशुभ्र, धारदार कडांचा दिसतो, तो कुणालाही दाखवता येतो. फिल्म उजेडासमोर धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बारामती, दौंड, जुन्नरकडून ऑपरेशनसाठी पुण्यात येणारी आणि पुढची फिजिओथेरपी गावी घेणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांची फाइल हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुलाच्या कपाटात राहते आणि गावातल्या फिजिओला काहीच दिसत नाही. फोटो मोबाइलमध्ये असेल तर ही अडचण तिथेच संपते.

एक्सरे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे अल्ट्रासाउंडच्या वेळी तिच्यावर सगळं अवलंबून आहे. बदललेल्या गुडघ्याच्या एक्सरेमध्ये वरचा धातू आणि खालचा धातू यांच्यामध्ये रिकामी जागा दिसते. ती रिकामी नसते. तिथे पॉलिइथिलीनची, म्हणजे खास प्रकारच्या प्लास्टिकची गादी असते; एक्सरेत ती उमटत नाही एवढंच. आणि धातू हाडाला जिथे टेकतो तिथे बहुतेक वेळा हाडांचं सिमेंट असतं. तेही एक प्रकारचं प्लास्टिकच, ॲक्रिलिक.

फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर असतात, छोटे, बारकोड असलेले. ते फेकू नका. त्यावर कंपनी, आकार, बॅच नंबर आणि पुष्कळदा धातूचं नाव असतं: स्टेनलेस स्टील, टायटॅनियमचा मिश्रधातू किंवा कोबाल्ट-क्रोमियम. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. त्यानंतरचं ऑपरेशन असेल तर बिलाची प्रतही जपून ठेवा, तीत इम्प्लांटचा तपशील सापडू शकतो.

"रॉड काढलाय" असं सांगणाऱ्यांनीही काढल्यानंतरचा एक्सरे दाखवावा. तुटलेला एखादा स्क्रू किंवा त्याचं टोक कधीकधी हाडातच ठेवलेलं असतं. काढायला गेलं तर हाडाचं जास्त नुकसान होईल म्हणून सर्जन ते मुद्दामच सोडतात, ते योग्यच असतं. पण पेशंटच्या मनात मात्र "सगळं निघालं" अशी नोंद राहते.

मग स्वतःला हे प्रश्न विचारा. फिजिओने विचारले नाहीत तर तुम्हीच सांगा:

कुठलंही हाड कधीही मोडलं होतं का, अगदी लहानपणीसुद्धा? जबड्यात, चेहऱ्यात प्लेट आहे का? मणक्यात स्क्रू? हृदयात पेसमेकर, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत किंवा मणक्याजवळ नसांना उत्तेजित करणारं यंत्र? अंगात छर्रा किंवा धातूचा तुकडा राहिलाय का? आणि बायकांसाठी एक: कॉपर-टी आहे का? कंबरेला डायथर्मी घ्यायला आलेल्या पस्तिशीतल्या बाईला हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, तिलाही त्याचा इथे संबंध असेल असं वाटत नाही. संबंध आहे. तांबं हा धातूच आहे आणि ते नेमकं ओटीपोटात असतं.

डायथर्मी: इथे थांबायचं

शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतं. म्हणजे विद्युतक्षेत्र सेकंदाला २ कोटी ७१ लाख २० हजार वेळा पुढे-मागे होतं. इतक्या वेगात स्नायू किंवा नस आकुंचन पावत नाही, मुंग्याही येत नाहीत. ऊतकांमधले कण हलत राहतात आणि उष्णता तयार होते. खोलवर जाणारा शेक म्हणून आपल्याकडे ही मशीन दशकानुदशकं लोकप्रिय आहेत. धातू नसलेल्या माणसाला, नीट लावली तर, उपयोगीही आहेत.

धातू आला की काय बिघडतं? वीज नेहमी सोपी वाट शोधते आणि धातू ही शरीरातल्या कुठल्याही ऊतकापेक्षा कितीतरी सोपी वाट आहे. विसर्जनाच्या दिवशी सगळ्या पेठांमधली गर्दी अलका चौकात येऊन जशी दाटते, तशा विद्युतक्षेत्राच्या रेषा रॉडच्या टोकाशी, प्लेटच्या कडेशी, स्क्रूच्या डोक्याशी दाटतात. तिथलं जे मांस, जे हाड असतं ते आजूबाजूच्या मानाने फार जास्त तापतं. लांब आणि टोकदार इम्प्लांट असेल तर हा त्रास जास्त.

त्याहून वाईट गोष्ट ही, की ते कळत नाही. चटका ओळखणारी आपली यंत्रणा मुख्यतः त्वचेत आहे. हाडाजवळ भाजलं तर आपल्याला "चटका" असा वाटत नाही. खोल, बोथट दुखणं वाटतं, ठसठस वाटते, "चावल्यासारखं" वाटतं. काकूंचा तो शब्द मी म्हणूनच विसरले नाही.

मायक्रोवेव्ह डायथर्मीचं मशीन बहुधा २४५० मेगाहर्ट्झचं असतं. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचीही हीच वारंवारता. त्यात स्टीलचं भांडं का ठेवत नाहीत हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. जास्त समजावून सांगायची गरज नाही.

इथे तीन गैरसमज मला वारंवार भेटतात.

"माझा टायटॅनियमचा आहे, एमआरआय चालतो असं डॉक्टर म्हणाले." एमआरआयच्या वेळी पहिली चिंता असते ती चुंबकाची: धातू खेचला जाईल का? टायटॅनियम खेचला जात नाही. डायथर्मीत प्रश्न वीज वाहण्याचा आहे आणि वीज टायटॅनियममधूनही वाहते. एमआरआयची परवानगी ही डायथर्मीची परवानगी नव्हे.

"ऑपरेशन जुनं आहे, आता धातू शरीराने स्वीकारलाय." हाड भरून आलं, बरोबर. पण धातूचा धातूपणा बारा वर्षांनी कमी होत नाही.

तिसरा गैरसमज आमच्या क्षेत्रातला आहे: "पल्स्डवर लावलं की चालतं." पल्स्ड, म्हणजे थांबून-थांबून येणाऱ्या, शॉर्टवेव्हमध्ये सरासरी उष्णता कमी असते हे खरं. धातू असलेल्या सांध्यांवर ती काळजीपूर्वक, नियंत्रित परिस्थितीत वापरल्याचे अनुभव काही तज्ज्ञांनी प्रसिद्धही केले आहेत. पण गर्दीच्या वेळी, चार पेशंट एकदम पडद्याआड असताना, मशीनचा डायल कुणीतरी घाईत फिरवणार असताना मी तो धोका घेत नाही. तोच आराम दुसऱ्या मार्गाने मिळत असेल तर कशाला?

धातू दूर असेल तर? घोट्यात प्लेट आहे आणि शेक खांद्याला हवाय, अशा वेळी विद्युतक्षेत्र प्लेटपर्यंत पोचत नाही. केबल मात्र त्या पायावरून किंवा पायाजवळून जाता कामा नये. धातू दोन पॅडच्या मध्ये, त्यांच्या शेजारी किंवा त्याच अवयवात असेल तर डायथर्मी नाही. माझ्याकडे हा नियम लिहून लावलेला आहे.

पेसमेकर आणि नसांची यंत्रं यांचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा. तिथे "दूर आहे" ही सबब चालत नाही. मेंदूत उत्तेजक यंत्र बसवलेल्या रुग्णांना डायथर्मीमुळे झालेल्या गंभीर, जिवावर बेतलेल्या इजांनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट इशारा दिला: अशी तार असलेलं यंत्र शरीरात असेल तर शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मी शरीराच्या कुठल्याही भागावर द्यायची नाही. ते यंत्र बंद असलं तरी नाही, डायथर्मी उष्णता न देणाऱ्या सेटिंगवर असली तरी नाही. अशा पेशंटला मी डायथर्मी चालू असलेल्या खोलीत बसूही देत नाही. सोबत आलेल्या आजोबांना पेसमेकर असेल तर त्यांनाही बाहेरच्या बाकावर बसवते.

टेन्स आणि आयएफटी: इथे उगाच घाबरू नका

टेन्समध्ये वारंवारता साधारण सेकंदाला १ ते १५० स्पंदनांची. आयएफटीमध्ये ४००० हर्ट्झच्या आसपासचे दोन प्रवाह एकमेकांना छेदतात आणि दुखऱ्या जागी त्यांच्यातल्या फरकाएवढी मंद स्पंदनं तयार होतात. २ कोटी ७१ लाख कुठे आणि ४००० कुठे! या प्रवाहांनी ऊतकं तापत नाहीत, नसा जाग्या होतात. आजच्या चांगल्या मशीनमध्ये प्रवाह दोन्ही दिशांना सारखा वाहतो, म्हणून पॅडखाली किंवा धातूपाशी रासायनिक बदल साचत नाहीत.

म्हणून हाडाच्या आत असलेला रॉड, खोल असलेली प्लेट, बदललेला गुडघा किंवा खुबा असताना टेन्स आणि आयएफटी देता येतात. गुडघा बदलल्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू हट्टाने झोपून राहतो. त्याला उठवायला स्नायू-उत्तेजनाचं मशीन मांडीवर लावतात, तेव्हा इम्प्लांट खाली गुडघ्यात असतं आणि पॅड वर मांडीवर. हा उपचार घाबरून टाळला तर पेशंटचंच नुकसान आहे.

तरी काही गोष्टी सांभाळायच्या.

धातू अगदी त्वचेखाली असेल, बोटाने चाचपता येत असेल (घोट्याच्या बाहेरची प्लेट, कोपराच्या टोकाची तार, गळ्याच्या हाडाची प्लेट), तर पॅड थेट त्यावर नको. दोन-तीन बोटं बाजूला लावा आणि प्रवाह हळूहळू वाढवा. एका जागी टोचल्यासारखं, झोंबल्यासारखं वाटलं तर पॅड हलवा.

त्वचेतून बाहेर आलेल्या तारा, बाह्य फिक्सेटर (हाड धरून ठेवणारी बाहेरची धातूची चौकट) किंवा इलिझारोव्हची कडी असेल तर त्या अवयवावर करंटचा प्रयोगच नको. टाके स्टेपलरचे असतील तर ते निघेपर्यंत पॅड त्यांच्यावर किंवा त्यांना लागून नको.

आता एक बारकावा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. गुडघा बदलताना समोर उभा छेद घेतात तेव्हा त्वचेची एक बारीक नस बहुधा कापली जाते. त्यामुळे छेदाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा किंवा त्याहून लहान भाग बधिर राहतो. पेशंट म्हणतात, "इथे हात लावला तरी दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं." नेमकं तिथेच आपण आयएफटीचा पॅड लावतो! बधिर जागेला प्रवाह जास्त झालेला कळत नाही, आणि त्वचा भाजून निघते. दोष धातूचा नसतो, पण पेशंटच्या मनात "इम्प्लांटमुळे भाजलं" हेच बसतं. म्हणून पहिल्या दिवशी कापूस आणि बोथट टाचणी घेऊन संपूर्ण गुडघ्याभोवतीची संवेदना तपासायची. बधिर भाग पेनने आखायचा. पॅड त्याच्या बाहेर. गरम पिशवीलाही हाच नियम.

गॅल्व्हॅनिक: करंटमधला वेगळा भाऊ

एकाच दिशेने वाहणारा प्रवाह म्हणजे गॅल्व्हॅनिक किंवा डीसी. यात एका पॅडखाली आम्ल आणि दुसऱ्याखाली अल्कली जमतं. प्रवाहाच्या वाटेत त्वचेजवळचा धातू आला तर तिथेही तसंच होऊन आतून रासायनिक भाजणं होऊ शकतं. म्हणून गॅल्व्हॅनिक आणि त्याच प्रवाहाने त्वचेतून औषध पोचवण्याचा उपचार धातूवरून द्यायचा नाही.

हा प्रसंग नेमका कुठे येतो ते सांगते, कारण पाठ्यपुस्तकातला नियम आठवूनही तो इथे निसटतो. दंडाचं हाड मोडतं, प्लेट बसते, आणि त्याच अपघातात रेडियल नस दुखावल्याने मनगट लोंबकळतं. नस सुटलेल्या स्नायूंना जागं ठेवण्यासाठी लांब स्पंदनांचा खंडित गॅल्व्हॅनिक दिला जातो. सवयीने मोठा पॅड दंडावर बांधला जातो आणि पेनसारखा इलेक्ट्रोड हाताच्या पुढच्या भागावर. झालं, प्लेट वाटेत आली. दोन्ही इलेक्ट्रोड कोपराच्या खाली ठेवा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. तसंच अपघातात जबड्याला प्लेट बसलेल्या माणसाचं तोंड वाकडं झालं तर चेहऱ्यावर गॅल्व्हॅनिक लावण्याआधी एक्सरे मागा. चेहऱ्यावरचा धातू नेहमीच त्वचेजवळ असतो.

अल्ट्रासाउंड: धातूची नाही, प्लास्टिकची भीती

जेल लावून गोल फिरवायचं ते मशीन. यात वीज शरीरात जात नाही, ध्वनिलहरी जातात. १ मेगाहर्ट्झच्या लहरी खोल, ३ मेगाहर्ट्झच्या वरवर. धातूवर आपटून त्या परावर्तित होतात हे खरं. पण धातू उष्णता पटकन पसरवतो, एका जागी साचू देत नाही. म्हणून प्लेट-स्क्रू असलेल्या भागातल्या मऊ ऊतकांवर, मशीनचं डोकं सतत फिरतं ठेवून, कमी तीव्रतेचं, शक्यतो पल्स्ड अल्ट्रासाउंड देता येतं. डोकं एका जागी थांबलं की हाडावर कळ येते, धातू असो वा नसो.

बदललेल्या सांध्याची गोष्ट वेगळी. ॲक्रिलिक सिमेंट आणि पॉलिइथिलीन ध्वनिलहरी जास्त शोषतात, तापतात. "धातूला अल्ट्रासाउंड चालतं" हे अर्धंच ऐकून बदललेल्या गुडघ्यावर किंवा खुब्यावर अल्ट्रासाउंड फिरवणं चुकीचं आहे. एक्सरेतली ती रिकामी दिसणारी जागा आठवा. मणक्याचं ऑपरेशन झालं असेल आणि मागचं हाड काढलं असेल, तर त्या जागेवरही नाही, कारण खाली मज्जारज्जूवर हाडाचं झाकण उरलेलं नाही.

गरम पिशवी, मेण, लाल दिवा, बर्फ

हे लवकर आटपते. ही उष्णता मुख्यतः वरच्या थरात राहते, खोल रॉडपर्यंत तापवण्याइतकी पोचत नाही. टाके भरले आहेत, संवेदना शाबूत आहे, तर हॉट पॅक आणि मेणाचा शेक चालतो. लाल दिव्याखाली बाहेर आलेल्या तारा किंवा फिक्सेटर नकोत, उघडा धातू तापतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत सूज असताना बर्फच बरा, टॉवेलमध्ये गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं.

क्लिनिकमध्ये, मशीन चालू करण्याआधी

समजा शरीरात धातू नाही आणि डायथर्मी ठरली आहे, किंवा धातू दूर आहे आणि ती दुसऱ्या भागावर द्यायची आहे. तरीही अंगावरचा धातू उरतोच. आपल्याकडे तो कुठे कुठे असतो! मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, साडीच्या निऱ्यांना लावलेली सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, चांदीचा करदोडा, खिशातली नाणी, मोबाइल, कानातलं श्रवणयंत्र, जानव्याला बांधलेली किल्ली. काचेच्या बांगड्या चालतात, पाटल्या नाहीत. मंगळसूत्र काढायला सांगितलं की काही बायकांचा चेहरा पडतो. त्यावर वाद घालू नये. मानेला किंवा खांद्याला शेक असेल तर ते काढावंच लागेल, हे एकदा शांतपणे सांगायचं आणि त्यांच्याच पर्समध्ये, त्यांच्यासमोर ठेवायचं. तयारी नसेल तर मी डायथर्मी बदलून हॉट पॅक देते.

पलंग लाकडी हवा. घाम टिपलेला, कपडे कोरडे. पावसाळ्यात भिजून आलेल्या माणसाला आधी दहा मिनिटं पंख्याखाली बसवा. नायलॉनचा कपडा पॅडखाली नको. टेन्स-आयएफटीच्या आधी गुडघ्याला चोळलेला बाम आणि तेल साबणाने धुऊन काढा. तेलाच्या थरामुळे प्रवाह सारखा पसरत नाही आणि जिथे पोचतो तिथे झोंबतो.

आणि पेशंटला काय विचारायचं? आम्ही सगळे "सहन होतंय का?" असं विचारतो. हा प्रश्न मी सोडून दिला. आपल्या माणसांचं, विशेषतः आज्यांचं, सहन करणं हेच आयुष्यभराचं शिक्षण असतं. त्या "होतंय" म्हणतात आणि दात आवळून पडून राहतात. "जेवढा कडक शेक तेवढा गुण" असंही मनात असतं. त्याऐवजी विचारा: "ऊब वाटते की चटका?" आणि "आत कुठे ठणकतंय, चावतंय, ओढल्यासारखं होतंय?" उत्तरात ऊब याशिवाय काहीही आलं तर मशीन बंद. पेशंटने झोपायचं नाही, बंद करायचं बटण किंवा घंटी हातात हवी. संपल्यावर पॅडखालची त्वचा दोघांनीही बघायची. हलका, सारखा गुलाबीपणा थोड्या वेळात जातो. ठिपक्याठिपक्यांचा लालपणा किंवा फोड दिसला तर नोंद करायची आणि पुढचा उपचार थांबवायचा.

कुठलंच मशीन नाही, सरळ सर्जनकडे

महिनोन् महिने ठीक असलेल्या जागी नव्याने दुखायला लागलं. पाय टाकताना पहिल्या पावलाला कळ येते. जखमेतून पाणी, पू, आसपास लाली, ताप. पोटरी एकाएकी सुजली, दुखरी आणि गरम झाली. यांपैकी काहीही असेल तर शेक-करंट घेत बसू नका. इम्प्लांट सैल होणं, जंतुसंसर्ग, पोटरीत रक्ताची गुठळी या गोष्टी दुखणं दाबल्याने फक्त लपतात. रविवारी फोन लागला नाही तर पुण्यात ससूनचा आपत्कालीन विभाग किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलचा तो विभाग गाठा.

घरी मशीन घेताना

घरचं छोटं, बॅटरीवर चालणारं टेन्स वापरायला हरकत नाही, पण पॅड कुठे लावायचे ते पहिल्यांदा फिजिओकडून शिकून घ्या आणि पॅडच्या जागांचा फोटो काढून ठेवा. कंबरेचे पट्टे, मसाजर, मॅग्नेटच्या गाद्या यांच्या खोक्यावर "इम्प्लांट असल्यास वापरू नये" असं बारीक अक्षरात असतं, ते चष्मा लावून वाचा.

सोसायटीच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात पायांना करंट देणाऱ्या मशीनची मोफत शिबिरं लागतात. ज्येष्ठ मंडळी रोज सकाळी रांगेत बसतात, गप्पा होतात, बरं वाटतं. तिथे बसवणाऱ्याला तुमच्या इम्प्लांटबद्दल काही माहीत नसतं आणि पेसमेकरबद्दल विचारलं जाईलच याचा भरवसा नसतो. आईवडील अशा ठिकाणी जात असतील तर त्यांना रागावू नका, तो त्यांचा विरंगुळा आहे. पण एकदा सोबत जाऊन मशीनचं नाव लिहून आणा आणि आपल्या फिजिओला किंवा डॉक्टरांना विचारा. पेसमेकर असेल तर मात्र जाणं थांबवायचंच.

घरी येऊन मशीन लावणाऱ्यांना त्यांची नोंदणी विचारायला संकोच करू नका. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. खऱ्या फिजिओला या प्रश्नाचा राग येत नाही.

शेवटचं काम आजच करता येईल. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद घ्या, मराठीत आणि मागच्या बाजूला इंग्रजीत लिहा, पाकिटात ठेवा आणि एक प्रत एक्सरेच्या पाकिटावर चिकटवा. काकूंना मी त्या वेळी असं कार्ड लिहून दिलं होतं:

"उजव्या मांडीत स्टीलचा रॉड आणि वर-खाली स्क्रू. ऑपरेशनला १२ वर्षं झाली. अजून आत आहे. शॉर्टवेव्ह व मायक्रोवेव्ह डायथर्मी कंबर, खुबा, उजवी मांडी, उजवा गुडघा इथे देऊ नये. मांडीवरून गॅल्व्हॅनिक देऊ नये. टेन्स, आयएफटी, हॉट पॅक चालेल. व्रणाच्या खाली चार बोटं बधिर आहे, तिथे पॅड नको. पेसमेकर नाही."